कुरकुरीचा माग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर भाषणे झाली. त्या पंक्तीत जुन्या मोटारीच्या कुरकुरीचे पान वाढताना मला संकोच वाटतो. परंतु चिटणीसांचा आग्रह पडला. “गणेशोत्सवात फाटकाशी उभी असते ती तुमची लाल गाडी सगळे पाहतात, पोरे तिच्यात बसून फोटो काढतात. तिच्याविषयीच बोला,” असे त्यांनी सांगितले. मलाही ते पटले. कारण याच गाडीच्या एका बारीक आवाजाचा मी चुकीचा बंदोबस्त केला आणि एका रविवारी सकाळी माझ्या नातीच्या जिवावर बेतता बेतता राहिले. ती हकीकत सांगायची तर आधी गाडीची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

गाडी १९५१ सालची, एम. जी. कंपनीची ‘टी. डी.’. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्डचे, पण १९२९ पासून १९८० पर्यंत त्यांचा कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी होता. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर त्याच नावाच्या नव्या मोटारी धावू लागल्या. त्यांचे ॲबिंग्डनशी नाते केवळ नावाचे. टी. डी. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघाली, आणि सुमारे तीस हजारांपैकी बहुतेक अमेरिकेस गेल्या. आमच्या वडिलांना ही मिळाली ती कोलकात्यातून मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून. दोन माणसांची बैठक, कापडी टप, आडवी पाडता येणारी समोरची काच आणि मागे टांगलेले जादा चाक. इंजिन अवघे १२५० सी. सी.चे. आज एखादी साधी कौटुंबिक मोटारही तिला सहज मागे टाकील.

आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही गाडी बाहेरून लोखंडाची दिसत असली तरी आतून लाकडाची आहे. खाली पोलादी चासी; तिच्यावर ॲश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा; आणि त्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. ॲशचे लाकूड चिवट आणि लवचीक. तिकडे कुऱ्हाडीचे आणि हातोड्यांचे दांडे त्याचेच करतात. म्हणजे ही मोटार अर्धी लोहाराची आणि अर्धी सुताराची. कोकणातल्या जुन्या घराचा माळा रात्री जसा आपोआप कुरकुरतो तशी हीदेखील कुरकुरते, आणि तिच्या वयाचा विचार करता त्यात नवल काही नाही.

आवाजांच्या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे, हे मला या गाडीने शिकवले. कुरकुर, करकर, किरकिर, खुळखुळ, खडखड, घरघर, टकटक. हे शब्द आपण सैलपणे वापरतो, पण मेकॅनिकच्या दृष्टीने प्रत्येकाचे निदान वेगळे आहे. खडखड म्हणजे दोन वस्तू सुट्या झाल्या असून एकमेकींवर आपटत आहेत, उपाय आवळण्याचा. खुळखुळ म्हणजे काहीतरी पोकळीत हिंडते आहे. एकदा आमच्या दारात दोन वर्षे हिंडणारा एक स्क्रू निघाला. घरघर बहुधा बेअरिंगची. आणि कुरकुर, करकर, कुईकुई ही सारी घर्षणाची मुले.

घर्षणाचे गणित समजावून घेण्यासाठी सारंगी आठवावी. वादक गजाला राळ लावतो ती गज सहज सरकावा म्हणून नव्हे, तर तो तारेला चिकटावा म्हणून. गज तारेला धरून ओढतो. ताण वाढला की तार निसटते. पुन्हा धरली जाते, पुन्हा निसटते. सेकंदाला शेकडो वेळा हे धरणे-सुटणे चालते आणि त्याचा सूर होतो. स्थिर वस्तू हलविण्यास लागणारे बल ती हलती ठेवण्यास लागणाऱ्या बलापेक्षा अधिक असते, या एका गोष्टीतून सारंगीचा सूर, दाराच्या बिजागरीची ओरड, झोपाळ्याच्या कडीची कुरकुर आणि माझ्या मोटारीची कटकट जन्माला येते. करकर वाजावी म्हणून हौसेने करवून घेतलेली कोल्हापुरी चप्पलही याच न्यायाने बोलते. फरक इतकाच की तिथे त्या आवाजाचे पैसे आपण आनंदाने मोजतो.

तेव्हा कुरकुर ऐकू आली याचा अर्थ असा, की ज्या दोन पृष्ठभागांनी एकमेकांना घट्ट धरून राहावयाचे ते थोडेसे सरकू लागले आहेत, किंवा ज्यांनी मोकळेपणी सरकावयाचे ते धरू लागले आहेत. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याला वंगण हवे. पहिल्याला वंगण दिले तर घात होतो. मला हे तेव्हा ठाऊक असते तर पुढचा प्रकार टळला असता.

निवृत्तीनंतर मी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. पहिल्या हिवाळ्यातच तिने आवाज सुरू केला: आधी कुई, मग टक्. गंमत अशी की मी एकटा फिरायला गेलो तर गाडी मुकी, आणि सौभाग्यवती शेजारी बसल्या की लगेच बोलू लागे. “अहो, मी बसले की हिला बरे कंठ फुटतो,” असे त्या म्हणत आणि मी हसून सोडून देई. खरे तर साऱ्या शोधाची किल्ली त्या वाक्यात होती.

मी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या मंडळींनी ऐकण्याचे कष्ट घेतले नाहीत. गाडी वर चढवून खालच्या सर्वांगावर डिझेल आणि जळके तेल यांचा फवारा मारला. आपल्याकडे सर्व्हिसिंगच्या नावाखाली हे स्नान सर्रास घातले जाते. गाडी गप्प झाली, मी खूष होऊन पैसे दिले. तीन दिवसांनी रविवारी सकाळी नातीला घेऊन निघालो. ती तेव्हा नऊ वर्षांची. चौकाजवळ समोरचा दिवा लाल झाला म्हणून ब्रेक दाबला, तर गाडी थांबण्याऐवजी सपकन उजवीकडे ओढली गेली आणि समोरून येणाऱ्या टॅक्सीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. टॅक्सीवाला जे काही बोलला ते इथे सांगण्याजोगे नाही, पण त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. नात काहीच बोलली नाही. ती नंतर सहा महिने त्या गाडीत बसली नाही.

चाके उघडली तेव्हा उलगडा झाला. फवाऱ्याचे तेल डाव्या बाजूच्या दोन्ही ड्रममध्ये शिरून ब्रेकच्या अस्तरात मुरले होते. डावी चाके धरत नव्हती, उजवी धरत होती. एकदा तेल प्यालेले अस्तर धुऊन शुद्ध होत नाही. ते बदलावेच लागते. मी बदलले, आणि त्या दिवशी ठरविले की जोवर आवाजाचे ठिकाण बोटाने दाखविता येत नाही तोवर तेलाच्या बुधलीस हात लावायचा नाही.

या कामी मला गुरू मिळाला तो मल्लिक बाजाराजवळचा एक वृद्ध मिस्त्री. मल्लिक बाजार म्हणजे जुन्या मोटारींचे स्मशान आणि प्रसूतिगृह दोन्ही. बॉडी बांधण्यात त्याची हयात गेलेली. त्याने हत्यार काढण्याआधी गाडी रिकामी करायला सांगितली. जॅक, पाने, छत्री, साइड-स्क्रीन, कप्प्यातली चिल्लर, सारे बाहेर. माझी अर्धी खडखड अशी टोपलीत जमा झाली. मग त्याने आवाजाची विभागणी आरंभिली. गाडी उभी असताना होतो की चालताना? इंजिनाबरोबर बदलतो की चाकाबरोबर? मोकळ्या, किंचित उताराच्या रस्त्यावर गियर काढून गाडी नुसती वाहू द्यावी. आवाज तरीही वेगाबरोबर चढत-उतरत राहिला तर इंजिनास सोडावे आणि चाके, ॲक्सल, प्रोपेलर शाफ्ट यांच्याकडे वळावे. इथे साधे अंकगणितही उपयोगी पडते. टी. डी.च्या मागच्या ॲक्सलचे प्रमाण ५.१२५ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाचांहून अधिक फेरे होतात. ताशी २० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे पावणेतीन वेळा फिरते, तर शाफ्ट जवळजवळ चौदा वेळा. ‘चीं... चीं... चीं’ असे मोजता येत असेल तर चाक पाहावे. चिमणीच्या चिवचिवाटासारखे एकसलग असेल तर शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला असावा. तिथे ग्रीस भरण्याची निपल असते आणि ती नेमकी सगळे विसरतात.

आमचा आवाज या दोहोंतला नव्हता. तो खड्ड्यावर, गाडी निघताना आणि ब्रेक लावताना येई. म्हणजे फिरणाऱ्या भागाचा नव्हे, भार सोसणाऱ्या भागाचा. मग गाडीचा एकेक कोपरा हातांनी दाबून झुलविणे आणि दुसऱ्याने कान लावणे सुरू झाले. इथे कानाची फार फसगत होते. तंबोऱ्यात तार कंप पावते आणि बोलतो भोपळा. तसेच मोटारीत आवाज निघतो एका ठिकाणी आणि पत्र्याचा मोठा भाग तो उचलून दुसरीकडून ऐकवतो. मी छातीठोकपणे सांगितलेली जागा तीन वेळा चुकली. यावर उपाय म्हणजे एक लाकडी काठी. तिचे एक टोक संशयित भागावर टेकवावे, दुसरे कानामागच्या हाडाला. डॉक्टरांची नळीही चालते. मात्र गाडी केवळ जॅकवर उचलून कोणीही तिच्याखाली शिरू नये. पक्के घोडे लावल्याशिवाय मिस्त्री मला हातसुद्धा आत घालू देत नसे.

पहिला चोर सापडला तो डाव्या दाराच्या खांबात. मिस्त्रीने बोटाच्या पेराने सांगाडा ठोकत ठोकत नेला, जसे आपण कलिंगड पाहतो, आणि एका ठिकाणी थबकून म्हणाला, “काठ बोलछे, बाबू.” लाकूड बोलते आहे. खांबाची कूस खालच्या तुळईत बसते तिथला सरस वाळून भुगा झाला होता. मला उन्हाळ्यापासूनचा एक चमत्कार आठवला: आषाढ-श्रावणात हीच गाडी गुणी मुलीसारखी गप्प असे आणि पौषात बोलू लागे. पावसाळी हवेने लाकूड फुगून सांधा आपोआप घट्ट होई, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आक्रसून सैल होई. अशा सांध्यात तेलाचे थेंब सोडण्याचा मोह सर्वांना होतो. सोडले तर महिनाभर शांतता मिळते. पण तेल प्यालेल्या लाकडाला पुढे सरस धरत नाही, आणि सांधा कायमचा बाद होतो. आम्ही पत्रा सोडवून सांधा खरवडला, नवा चिकट लेप भरून शिकंज्यात आवळून दोन दिवस ठेवला. पत्रा जिथे लाकडावर घासत होता तिथे मेण लावलेल्या फेल्टची पट्टी घातली. दाराच्या कुलपाशी दार तोलून धरणारा एक पाचरीसारखा तुकडा असतो. त्यावर साधी मेणबत्ती घासली. आसनाच्या पाठीमागची चामड्याची करकर चामड्याच्या मलमाने थांबली. बॉनेट आणि रेडिएटर यांच्यामधली विणलेली पट्टी झिजली होती, ती बदलली.

हे झाल्यावर गाडी निम्म्याने शांत झाली. उरली ती मूळची कुई आणि टक्.

डाव्या मागच्या पाट्याच्या शॅकलमध्ये रबरी बुश असतात. मिस्त्रीने सिरिंजमध्ये पाणी भरून बुशावर सोडले आणि पाटा झुलविला. कुई थांबली. दोन मिनिटांत पाणी सुकताच पुन्हा सुरू. ही पाण्याची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: निदान होते आणि नासधूस काही होत नाही. आता रबराला साधे खनिज तेल वर्ज्य, कारण त्याने रबर फुगून सडते. पाट्यांच्या मध्ये रबर बसविलेले असेल तर तिथेही तोच नियम. रबरासाठी जे खास तांबडे ग्रीस मिळते त्याच्या मुळाशी एरंडेल असते. बालपणी ज्याच्या नावाने आपण पळ काढला ते एरंडेल इथे पुन्हा भेटावे याची मला मौज वाटली. कॅस्ट्रॉल हे विख्यात नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. परंतु आमचे बुश ग्रीसच्या पलीकडे गेले होते. कारणही कळले: ते बसविताना नट गाडी अधांतरी असतानाच आवळलेले होते. वस्तुतः गाडीचे वजन चाकांवर टेकवून मगच ते आवळावयाचे. नाहीतर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, जन्मभर पिळलेलेच राहते आणि अखेर फाटून घासू लागते. नवे बुश घातले, यथाविधी आवळले. कुई गेली.

टक् मात्र राहिली.

आता सौभाग्यवतींना मुद्दाम डाव्या आसनावर बसविले. त्या हातातले वाचन खाली न ठेवता बसल्या. मी गाडी हातभर पुढे, हातभर मागे अशी हळूहळू सरकवत होतो आणि मिस्त्री बाजूला उकिडवा बसून मागच्या चाकाआड विजेरी धरून पाहत होता. त्याने हाक मारली. पाटा ॲक्सलवर जिथे बसतो तिथे, दोहोंच्या फटीतून, गेरूसारखी तांबूस भुकटी बाहेर आली होती आणि शेजारी नखाएवढा भाग आरशासारखा चकाकत होता. लोखंड लोखंडावर अगदी सूक्ष्म अंतराने घासू लागले की अशी भुकटी पडते. घट्ट असावयाचा सांधा हलतो आहे, याचा तो लेखी पुरावा. त्याने यू-बोल्टच्या नटाला पाना लावला आणि नुसत्या मनगटाच्या जोराने दीड फेरा फिरविला.

हे यू-बोल्ट म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांना कवेत घेऊन आवळणाऱ्या लोखंडी कमानी. इंजिनाचा ढकल आणि ब्रेकचा ताण त्यांच्या पकडीने सोसला जातो. पाट्याच्या मधोमध असतो तो सेंटर बोल्ट पाने एकत्र राखतो आणि ॲक्सलची जागा दाखवितो. ताण सोसणे हे त्याचे काम नव्हे. यू-बोल्ट सैल झाले की गाडी निघताना आणि थांबताना ॲक्सल पाट्यावर किंचित पुढेमागे सरकतो आणि सारा भार त्या बिचाऱ्यावर येतो. आमचा बाहेर काढला तेव्हा त्याची मान उंदराने कुरतडल्यासारखी झिजली होती. तो तुटता तर एका बाजूने ॲक्सल सरकून मागची चाके वाकड्या दिशेने चालू लागली असती. ताशी साठच्या वेगाने, जेसोर रोडच्या शिरीषाच्या झाडांमधून.

आणि त्या फवाऱ्याने केले काय? पुराव्याची तांबूस भुकटी धुऊन नेली, आवाज मंदावला, आणि घट्ट धरून राहावयाच्या दोन पृष्ठभागांमध्ये तेल शिरून उरलीसुरली पकडही निसरडी झाली. मात्र सैल नटांचा दोष मी त्या गॅरेजवर ढकलणार नाही. काही वर्षांपूर्वी नवे पाटे बसविले होते ते मीच उभा राहून. नवे पाटे शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर बसतात, तेव्हा यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ते राहून गेले ते माझ्याकडून. सौभाग्यवतींचे बोलणे थट्टेवारी नेले तेही मीच. त्यांच्या वजनाने डावा पाटा दबत होता आणि सैल सांधा बोलत होता. त्या इमानाने कळवीत होत्या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नव्या मोटारी आहेत. त्यांत लाकूड नाही. तिथे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासते आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड संध्याकाळी किरकिरतो. हाताने एकेक भाग दाबून पाहावा. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. फटीत फेल्टची चिकटपट्टी सरकवावी. दाराच्या रबरी कडेला शंखजिऱ्याची पूड किंवा सिलिकॉन पुरते. पण खालून, चाकांच्या बाजूने, निघताना किंवा थांबताना आवाज आला तर तो आधी दाखवून घ्यावा, आणि फवारा मारू म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा.

नात आता कॉलेजात जाते. गेल्या हिवाळ्यातल्या जुन्या मोटारींच्या रॅलीत डाव्या आसनावर तीच होती. निघण्यापूर्वी तिने स्वतः चाकाआड वाकून विजेरीने ती फट पाहिली, मला विचारले नाही.

गाडी आज खाली फाटकाशी उभी आहे. डावे दार या दिवसांत अजून थोडे बोलते. त्याची जागा मला ठाऊक आहे आणि चैत्रात पत्रा सोडवायचा आहे. चहापानानंतर ज्यांना कान लावून पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे. काठी गाडीतच ठेवली आहे.